साडेचार एकर झाडं आणि एक कोरी वही

प्रश्न थोडक्यात असा. उत्तर सोलापूर तालुक्यात मामांची साडेचार एकर जमीन, निम्मी मुरमाड माळ, निम्मी काळी. मामा 38 वर्षं तिथं झाडं लावत आलेत, आज त्यांचं वय 76. सव्वादोनशे जाती आहेत असं ते सांगतात. मुलं पुण्यात स्थिरावली, त्यामुळं मामांच्या मागं हे सगळं भाच्याकडं, म्हणजे तुमच्याकडं येणार, आणि तुम्हाला तिथं वनस्पती उद्यान करायचंय. तुम्ही विचारलंत की आणखी कोणत्या दुर्मिळ जाती आणू, पाट्यांवर क्यूआर कोड लावू का, खर्च किती येईल. आणि पत्र संपता संपता एक ओळ: विहिरीजवळच्या एका झाडाला मामा नुसतं 'बार्शीचं' म्हणतात, ते काय असेल?

मी एका शिक्षणसंस्थेची वनस्पती बाग 30 वर्षं सांभाळली, तीही अशाच कमी पावसाच्या पट्ट्यात. त्या जोरावर सांगतो, पहिले तीन प्रश्न वर्षभर फळीवर ठेवलेत तरी काही बिघडणार नाही. शेवटचा थांबणार नाही, कारण त्याचं उत्तर एकाच माणसाकडं आहे आणि तो माणूस 76 वर्षांचा आहे.

नुसती झाडं पुष्कळ असली की राई होते, बाग होते. वनस्पती उद्यान व्हायला त्या झाडांच्या नोंदी लागतात. जगभरच्या वनस्पती उद्यानांची 1987 साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या व्याख्येतच 'नोंदी ठेवलेला जिवंत संग्रह' ही अट आहे. अट नवी नाही. इटलीत पिसाला 1544 मध्ये आणि पादुआला 1545 मध्ये विद्यापीठांनी अशा बागा काढल्या त्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून. काढ्यात भलतंच पान गेलं तर रोगी दगावतो, तेव्हा 'हे नक्की कोणतं?' हा प्रश्न बागेच्या जन्मापासूनचा आहे. मामांनी त्यातलं अवघड काम, म्हणजे झाडं जगवण्याचं, करून ठेवलंय. राहिलंय ते लिहायचं.

तर उद्या एक वही आणा. हजेरीपुस्तकासारखी लांब, जाड पुठ्ठ्याची. शाईचं पेन नको, पेन्सिलीनं लिहा. भिजलेल्या वहीतली पेन्सिल वाचता येते, शाई येत नाही. हे मी एका पावसाळ्यात गळक्या खोलीत शिकलोय. रकाने मोजकेच: क्रमांक, मामा त्याला काय म्हणतात, कुठून आणलं, बी होतं की रोप की फांदी, कधी लावलं, कुठं आहे, आज खोडाचा घेर किती. शास्त्रीय नावाचा रकाना आखा आणि कोरा सोडा. ते नंतर कोणीही सांगेल. 'कुठून आणलं' हे नंतर कोणीही सांगणार नाही.

क्रमांक देताना एक पथ्य आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडून गेलेल्या पोराचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, तसंच इथं. झाड मेलं तर त्याच्यापुढं 'मेलं, अमुक साली, अमुक कारणानं' असं लिहायचं आणि क्रमांक त्याच्याबरोबर संपवायचा. नवं झाड त्याच खड्ड्यात लावलं तरी त्याला नवा क्रमांक.

आणि हो, मेलेली झाडंही विचारा. 38 वर्षांत काय काय लावलं आणि गेलं, हे मामांना तोंडपाठ असणार. झाडं लावणाऱ्याला जगलेल्यांपेक्षा गेलेली जास्त आठवतात. सीतेचा अशोक किती वेळा लावला आणि कोणत्या उन्हाळ्यात करपला, कोणतं झाड बोअरच्या मचूळ पाण्यानं पिवळं पडलं, कोणतं वाळवीनं नेलं, ही यादी सोलापूरच्या हवामानात झाडं लावणाऱ्या पुढच्या माणसाला तुमच्या सव्वादोनशे जातींइतकीच उपयोगी आहे.

मामांना घरात बसवून विचारू नका. ओट्यावर बसलेला माणूस 'असंच कुठून तरी आणलं असंल' म्हणून मोकळा होतो. सकाळी सहा-साडेसहाला त्यांच्याबरोबर फिरा, झाडापाशी थांबा, त्यांना खोडाला हात लावू द्या, मग विचारा. दिवसाला दहा-बारा झाडांच्या पुढं जाऊ नका. साल विचारू नका, कारण साल कोणालाच आठवत नाही. प्रसंग विचारा. 'किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे केवढं होतं, मामा?' असं विचारलं की उत्तर येतं: 'तवा कमरंएवढं होतं की!' 30 सप्टेंबर 1993 ला कमरेएवढं होतं म्हणजे 1991-92 चं लावलेलं, झाली नोंद. विहीर खोल केली ते वर्ष, थोरलीचं लग्न, ऑक्टोबर 2020 चा तो धो-धो पाऊस, गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी की नंतर, असे टेकू घरोघरी असतात. फोनवर आवाजही टिपून ठेवा. उत्तर वहीत दोन शब्दांचं जातं, पण मामा बोलता बोलता कोणत्या एसटीनं गेले, रोप कशात गुंडाळून आणलं, बरोबर कोण होतं हेही सांगून जातात, आणि कधी कधी झाडाचं मूळ ठिकाण त्यातूनच सापडतं.

जागेची नोंद फोनच्या नकाशावर विसंबून करू नका. फोन चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, आणि मामांच्या लागवडीत चार मीटरात तीन झाडं असणार. जुनीच रीत बरी. जमिनीच्या एकाच बाजूच्या दोन कोपऱ्यांत दोन दगड पक्के रोवा, दोघांमधलं अंतर एकदा मोजा, आणि मग प्रत्येक झाडाचं दोन्ही दगडांपासूनचं अंतर टेपनं मोजून लिहा. आलेख कागदावर कंपासनं दोन कमानी मारल्या की झाड जिथल्या तिथं बसतं. दोन पोरं आणि एक लांब टेप एवढं पुरतं.

घेर छातीइतक्या उंचीवर मोजायचा, जमिनीपासून 1.37 मीटर. खोडावर त्या उंचीला रंगाचा बारीक ठिपका द्या, म्हणजे दरवर्षी तिथंच टेप जाईल. दिवस ठरवून टाका. गड्डा उठला की मोजायचं असं ठरवलंत तर लक्षात राहील. जानेवारीत जमीन चालण्याजोगी असते आणि गवतही वाळलेलं असतं.

आता ओळखीबद्दल, आणि इथं माझीच फजिती सांगतो. आमच्या बागेत दसऱ्याच्या निमित्तानं आपट्याची रांग करायची म्हणून एका रोपवाटिकेतून 40 रोपं आणली. पानं जोडलेली, टोकाशी खाच, सगळं आपट्यासारखं. मी स्वतः पाट्या रंगवल्या. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर रांग फुलली ती गुलाबी-जांभळी, तळहाताएवढ्या फुलांनी. कांचन! आपट्याचं फूल बारीक, पांढरट, लांबून दिसतही नाही. तोवर चार वर्षांच्या विद्यार्थ्यांनी माझ्या पाट्या बघून वह्यांत कांचनाच्या पानावर 'आपटा' लिहून मार्क मिळवले होते. रोपवाल्याची चूक होतीच, पण पाटी माझी होती. तेव्हापासून माझा नियम आहे की फूल आणि फळ पाहिल्याशिवाय पाटीवर शास्त्रीय नाव चढवायचं नाही. तोवर नुसता क्रमांक. आपट्याचं पान हाताला जाड, चामड्यासारखं लागतं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. शेंग फुगीर, वाकडी, झाडावर आपण होऊन फुटत नाही. कांचनाची शेंग चपटी असते आणि वाळली की तडकून पिळवटते. दसऱ्याला बाजारात मिळणारं 'सोनं' बरंचसं कांचनाचंच असतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

दसऱ्याचा विषय निघालाच तर पाट्यांचं सांगून टाकतो. सोलापुरात एकाच गल्लीत तीन भाषांचं सोनं लुटलं जातं. मराठी घरात आपटा, कानडी घरात बन्नी, तेलुगू घरात जम्मी. त्यातली बन्नी आणि जम्मी म्हणजे एकच झाड, आपली शमी, आपटा वेगळा. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी नातवाला घेऊन तुमच्याकडं आली आणि पाटीवर तिला 'जम्मी' दिसलं, तर ती पाटीपाशी थांबेल. पळसाला कानडीत मुत्तुग, तेलुगूत मोदुग. कडुनिंबाला बेवु आणि वेप. चिंचेला हुणसे आणि चिंत. शहरातल्या कोणत्याही बागेत मी तिन्ही नावांच्या पाट्या पाहिलेल्या नाहीत. तुमचं उद्यान सोलापूरचं आहे हे बाहेरच्या माणसाला कळायला यापरता स्वस्त उपाय नाही.

शास्त्रीय नावं बदलतात याचीही तयारी ठेवा. बाभळीचंच बघा. आयुष्यभर आम्ही तिला 'अकेशिया निलोटिका' म्हटलं. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आणि 2011 मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं की अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडं राहील, आणि आपली बाभूळ 'वाचेलिया' झाली. पाटी बदलावी लागते, वहीतला क्रमांक बदलत नाही. म्हणून पाटीच्या कोपऱ्यात क्रमांक हवाच. क्यूआर कोडला माझा विरोध नाही, पण छापील चिकटपट्टी सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत पांढरी पडते, आणि कोडमागं लिहायला वहीत काही नसेल तर तो कोड उघडून माणूस बघणार काय? ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, अक्षरं ठोकून उठवा. खिळा मारू नका. तारेनं लटकवा आणि तार सैल ठेवा, नाहीतर खोड वाढतं आणि तार आत रुतते. लहान झाडांना बुंध्याशी लोखंडी सळीवर पाटी.

चंदनाला पाटी लावू नका. का ते सांगायला नको.

ओळख न पटलेल्या झाडांची फुलं-फळांसकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कागद रोज बदला, वहीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. असे नमुने घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. तिथं अडलं तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. फोनवरच्या ॲपनं पटकन नाव मिळतं, पण माळावरच्या काटेरी झाडांत ते हमखास घसरतं. हिवर, बाभूळ आणि खैर या तिघांना पानावरून एकच समजणारी माणसंही मी पाहिलीत, ॲपचं काय घेऊन बसायचं.

आता तुमचा पहिला प्रश्न, नव्या जाती. वही भरेपर्यंत एकही आणू नका. नंतर आणाल तेव्हा 'दुर्मिळ' हा शब्द जपून वापरा. रोपवाटिकेत 'दुर्मिळ' म्हणून विकतात ते बहुधा परदेशातलं असतं. उर्वशी, कैलासपती बघायला सुंदर, पण पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, मेमध्ये पारा 43 च्या घरात आणि विहिरीच्या पाण्यात क्षार, अशा ठिकाणी त्यांना जगवणं म्हणजे पाहुण्याला अतिदक्षता विभागात ठेवण्यासारखं. गोरखचिंच तेवढी अपवाद. आफ्रिकेची असूनही ती शतकानुशतकं दख्खनमध्ये रुळलीय, आपल्याकडून शंभर किलोमीटरवर विजापुरात तिची जुनी, बोजड झाडं उभी आहेत.

त्याऐवजी शंभर किलोमीटरच्या आतलं शोधा. अंजन, सालई, धावडा, मोई, गणेर, पांढरूख, मेडशिंगी, हिंगणबेट, नेपती, गोंधण, वावळ, हिवर, रामकाठी बाभूळ. पूर्वी बांधावर नाहीतर टेकाडावर यातलं काही ना काही असायचं. बांध कोरले गेले, रस्ते रुंद झाले, झाडं गेली. यातली निम्मी नावं तुमच्या शेजारच्या तिशीतल्या शेतकऱ्याला सांगता येणार नाहीत, मग यांना दुर्मिळ नाही म्हणायचं तर कोणाला? बी बांधावरून, रस्त्याकडून, मालकाला विचारून गोळा करा. येडशीच्या रामलिंग घाटात मनाला मोह पडेल, पण ते अभयारण्य आहे. परवानगीवाचून तिथलं बी उचलायचं नाही. आणि प्रत्येक जातीची किमान तीन झाडं लावा. एकटं झाड वाऱ्यानं पडलं की जात संपली. शिंदी आणि ताडात तर नर-मादी झाडंच वेगळी. एकटी शिंदी शंभर वर्षं उभी राहिली तरी बी धरणार नाही.

अंजनाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ते या भागाचं खरं झाड आणि ते लावताना बहुतेक जण चुकतात. मी एकदा पिशवीतलं वीतभर रोप धुऊन पाहिलं. वर चारच पानं, शेळीच्या खुरासारखी जोडून आलेली, आणि खाली सोटमूळ पिशवीच्या तळाला टेकून दोन वेढे मारून बसलेलं. वीतभर रोपाला दीड हात मूळ. असं रोप तसंच लावलं तर ते वेढे जन्मभर सुटत नाहीत. झाड पाच-सहा वर्षं उभं दिसतं आणि एका वावटळीत मुळापासून गरकन फिरतं. अंजनाचं बी शक्यतो जागेवरच टोका. पिशवीतलं लावायचंच असेल तर पावसाळ्याच्या आत, मूळ तळाला लागायच्या आधी लावा, आणि वेढा दिसला तर धारदार चाकूनं बिनदिक्कत कापा. नंतर दोन-तीन वर्षं ते वर वाढतच नाही. लोक म्हणतात 'खुरटलं', आणि उपटतात. ते खाली वाढत असतं.

बी रुजवण्याचं प्रत्येकाचं तंत्र वेगळं, सगळं इथं लिहीत नाही. बहाव्याचं बी दगडावर घासा किंवा उकळी काढून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, नाहीतर वर्ष वर्ष ढिम्म. कडुनिंबाची निंबोळी उलट आहे, दोन-तीन आठवड्यांत तिचा जीव जातो, पिकली की लगेच पेरायची. चंदनाला शेजारी तूर किंवा करंज हवा, कारण ते दुसऱ्याच्या मुळांतून खातं.

जमिनीचं. तुमच्याकडं दोन जाती आहेत तर दोन रिती हव्यात. मुरमात खड्डा मोठा, एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापवलेला, भरताना तलावातला गाळ, शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. काळ्या रानात मात्र खोल खड्डा म्हणजे हौद. आपल्याकडं मृग बऱ्याचदा कोरडा जातो, ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, आणि उत्तरा-हस्तात सगळा एकदम कोसळतो; सप्टेंबरातच सगळ्यात जास्त. त्या वेळी काळ्यातल्या खड्ड्यात पाणी तुंबून मुळं कुजतात. म्हणून काळ्यात थोडं उंचवट्यावर लावा. उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बारीक मुळं ताणून तुटतात. तिथं आच्छादन घाला, पालापाचोळा, उसाचं पाचट, जे मिळेल ते. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर पाणी वाढवू नका. ती बहुधा चुनखडीची करणी, लोह जमिनीत असून मुळांना मिळत नाही. पाणी बुंध्याशी ओतू नका, आळं दरवर्षी बाहेर सरकवा.

माळाच्या अर्ध्या भागात वेडी बाभूळ माजलीय असं तुम्ही लिहिलंत. ती नुसती तोडली तर दुप्पट फुटते. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी 2006 पासून एक उद्यान घडवलं गेलं, राव जोधा उद्यान, सुमारे 70 हेक्टर खडकाळ रान. झाडांच्या वेडापायी स्वतःच अभ्यास करून तज्ज्ञ झालेल्या प्रदीप क्रिशन यांनी ते उभारलं. तिथंही हीच वेडी बाभूळ खडकाच्या फटीत घुसली होती. तोडून, जाळून काही होईना, तेव्हा त्यांनी दगडखाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले खंडवालिये बोलावले. ती माणसं हातोडीच्या आवाजावरून खडक कुठं कच्चा आहे ते ओळखत, छिन्नीनं तो फोडत आणि मूळ बुडख्यासकट काढत. मग त्याच खड्ड्यांत मारवाडातली झाडं लावली. मी हे सांगतो ते छिन्नीसाठी नव्हे. तुमच्याकडं पहारीनं भागेल. पण बुडखा काढल्याशिवाय पुढं जाऊ नका, आणि दरवर्षी थोडाच भाग घ्या, एका उन्हाळ्यात सगळा माळ उघडा करू नका.

माळावरच एक तुकडा असाही ठेवा जिथं काहीच लावायचं नाही. मामांना हे पटणार नाही, झाडवेड्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. पण तुम्ही नान्नजच्या शेजारचे. 1979 मध्ये तिथं अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि माळढोकाला झाड नको असतं, गवत हवं असतं. लांबवर नजर जाईल असा मोकळा माळ. काळवीट, खोकड, चंडोल, धाविक, सगळी गवताची प्रजा. पवन्या, मारवेल, कुसळ यांचा अर्धा एकर राखलात तर त्याचीही वहीत नोंद करा, तोही संग्रहच आहे. फक्त त्याच्याभोवती डिसेंबरच्या आत दोन-तीन मीटरची जाळरेषा काढा, गवत पूर्ण खरवडून. वाटसरूची एक बिडी 38 वर्षं खाऊ शकते.

विरळणीचा प्रश्न येईल. मामांनी दाट लावलंय, प्रत्येकाने लावलेलं असतं. वडाखाली आणि पिंपळाखाली पुढच्या 30 वर्षांत बाकीचं काही राहणार नाही. कडुनिंब तर आपोआप उगवून सगळीकडं घुसतो. कापायचं ठरवाल तेव्हा वही पूर्ण झालेली असू द्या, आणि मामा हयात असताना त्यांच्या हातानं खूण करून घ्या. त्यांनी 'हे राहू दे' म्हटलं तर राहू द्या. त्यांचं चुकत असेल तरी. आणि कोणतंही झाड तोडण्याआधी परवानगी लागते का ते तलाठी आणि वन खात्याकडं विचारा. महाराष्ट्रात झाडतोडीचा कायदा 1964 पासून आहे आणि त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना तो स्वतःच्या रानातही लागू होतो.

पैशाचा आकडा मी देणार नाही, तो तुमच्या कुंपणावर ठरेल. खर्च तीनच: कुंपण, पाणी आणि रोज येणारा एक माणूस. यातला माणूस सगळ्यात महाग आणि सगळ्यात गरजेचा. कुंपणाला आतून सागरगोटा आणि चिलार लावून टाका. चार वर्षांत शेळ्यांना तारेपेक्षा त्याचीच भीती वाटेल.

सातबाऱ्याचं मात्र आत्ताच बघा. आज जमीन मामांच्या नावावर आहे. उद्या वारसनोंद होईल, मुलांची नावं लागतील, भाच्याचं कुठंच नाव नसेल. मुलं चांगली असतील, पण त्यांच्या मुलांना बार्शीच्या झाडाशी काय देणंघेणं? मामा आणि त्यांची मुलं एकत्र असताना बसा. सार्वजनिक न्यास करायचा तर 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी होते. बक्षीसपत्र हा दुसरा रस्ता. कोणता बरा ते वकील सांगेल, मी झाडांचा माणूस. एवढंच सांगतो की मी एक सुंदर खासगी संग्रह वाटणीत तीन तुकडे झालेला पाहिलाय. बांध नेमका दोन जुन्या शिवणींच्या मधून गेला, आणि दोन्ही बाजूंनी मुळं तोडली गेली.

आता विहिरीजवळचं झाड. तुम्ही लिहिलंय: करडी साल, पांढरी, कर्ण्यासारखी फुलं, शेंग चपटी आणि मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, आत कागदी पंखांची बी. वर्णन बरोबर असेल तर ती मेडशिंगी असावी, नाव त्या शेंगेवरूनच पडलंय. फुलाची आणि शेंगेची फांदी हातात आल्यावरच मी पक्कं म्हणेन, तोवर शास्त्रीय नावाचा रकाना कोराच ठेवा. पण 'मामा काय म्हणतात' या रकान्यात आजच 'बार्शीचं' लिहा. आणि त्यांना विचारा, बार्शीत कुठं? गावातल्या कोणाच्या परसातलं, की बार्शीच्या पुढं येडशीच्या बाजूच्या डोंगरातलं? शेंग खिशात घालून आणली की रोप उपटून? एकच लावलं की तीन-चार, आणि बाकीची कुठं गेली? तो रकाना थोडा मोठा आखा.